झाकण चौकटीसह की चौकटीशिवाय? उद्यमनगरातील एका फौंड्रीचे ई-निविदा प्रकरण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बिडाचे (कास्ट आयर्नचे) ओतकाम करणारा, दोन भावांच्या भागीदारीतील एक छोटा कारखाना आहे. पंप आणि ऑइल इंजिनांची सुटी कास्टिंग्ज हे त्याचे मुख्य काम. मात्र वडिलांच्या काळापासून जिल्ह्यातील नगरपरिषदांना चेंबरची झाकणे आणि गटारींवरच्या जाळ्या पुरविण्याचा जोडधंदाही चालत आला होता, आणि मंदीच्या महिन्यांत भट्टी पेटती ठेवली ती याच जोडधंद्याने. खरेदी ई-निविदेवर गेल्यानंतर हा पुरवठा हळूहळू आटला. उद्योजकांच्या एका संघटनेने चालविलेल्या मार्गदर्शन कक्षात प्रस्तुत लेखक निविदाविषयक कामात मदत करतो, तेथे हे प्रकरण आले, तेव्हा थोरल्या भावाचे पहिले वाक्य होते, "आमचं सगळं कॉम्प्युटरमुळं अडलंय." संबंधितांच्या इच्छेनुसार कारखान्याचे, नगरपरिषदेचे किंवा अन्य कोणाचेही नाव येथे दिलेले नाही.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याचे कारण असे की, छोट्या पुरवठादाराला मदत म्हणजे त्याला पोर्टलवर कोठे काय दाबायचे ते शिकविणे, अशी समजूत आमच्याकडेही रुळलेली होती. या कारखान्याच्या बाबतीत संगणकाचा प्रश्न थोड्या बैठकांत सुटला. निविदा वाचणे, दर बांधणे, जुन्या कामांचे पुरावे गोळा करणे आणि बिल निघेपर्यंत तग धरणे ही कामे मात्र त्याच्या कितीतरी पट वेळखाऊ ठरली.

दरपत्रकांचा काळ

पूर्वीची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. नगरपरिषदेच्या भांडार विभागातून निरोप येई, तीन दरपत्रके जात, आणि त्यांपैकी दोन कोठून आली हे देणाऱ्यालाही ठाऊक असे व घेणाऱ्यालाही. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात ओळख हेच भांडवल होते, आणि नव्याने धंद्यात आलेल्या ओताऱ्याला त्या दारातून प्रवेश मिळणे कठीण होते. महाराष्ट्र शासनाच्या उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाद्वारे शासकीय खरेदीची नियमपुस्तिका लागू केली, तेव्हा तीन लाख रुपयांवरील खरेदीसाठी ई-निविदा बंधनकारक होती. ही मर्यादा पुढे वाढविण्यात आली. मर्यादेखाली राहण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडण्याची वाट नियमांनी बंद केलेली आहे, आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेत असे तुकडे हमखास आक्षेपास पात्र ठरतात. वर्षभराची झाकणे आणि जाळ्या एकत्र घ्यायच्या म्हटल्या की मध्यम आकाराच्या नगरपरिषदेचीही खरेदी ई-निविदेच्या कक्षेत सहज जाते. म्हणजे हा पुरवठादार ज्या कामावर जगत होता, तेच काम त्याच्या हातून निघून महाटेंडर्स या राज्याच्या पोर्टलवर गेले.

केंद्र शासनाचे जेम हे पोर्टल ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाले आणि राज्यातील कार्यालयेही त्यावरून खरेदी करतात. थोरल्या भावाने त्याविषयीही विचारणा केली होती. मात्र तेथे वस्तूंची सूची आणि ठरलेली वैशिष्ट्ये यांवर व्यवहार चालतो. नगरपरिषदेच्या अभियंत्याने दिलेल्या मापाप्रमाणे साचा करून ओतायच्या जाळीसाठी ती वाट आम्हाला सोयीची वाटली नाही. त्यामुळे लक्ष महाटेंडर्सवरच केंद्रित केले.

पहिली निविदा आणि हातातून गेलेली चावी

कारखान्याने कक्षाकडे येण्यापूर्वी एक निविदा भरली होती. ती तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागदपत्रांच्या छाननीतच, बाद झाली. भावांची समजूत अशी की सगळे आधीच ठरलेले असते आणि निविदा हा केवळ देखावा असतो. असा संशय प्रत्येक वेळी निराधार असतो असे आम्ही म्हणणार नाही. पण तांत्रिक छाननीचा निकाल आणि अपात्रतेचे कारण पोर्टलवर निविदाकाराला पाहता येते, आणि ते या दोघांनी पाहिलेलेच नव्हते. पाहणार तरी कसे? लॉगिन आणि पासवर्ड निविदा भरून देणाऱ्या एका मध्यस्थाकडे होते, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (पेनड्राइव्हसारखे उपकरण) त्याच्याच टेबलाच्या खणात होते आणि त्याचा पिनही त्यालाच माहीत होता. पोर्टलवर नोंदविलेला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक त्याचाच असल्याने निविदेची शुद्धिपत्रके आणि सूचना त्याच्याकडेच जात.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार डिजिटल स्वाक्षरी ही हाताने केलेल्या सहीइतकीच बंधनकारक आहे. ज्याच्या नावाचे प्रमाणपत्र, त्याच्या नावावर दर, अटी आणि शपथपत्रे जमा होतात. कोऱ्या कागदावर सह्या करून तो कागद दुसऱ्याच्या खणात ठेवायला हे भाऊ कधीही तयार झाले नसते. टोकनच्या बाबतीत त्यांनी नेमके तेच केले होते आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटले नव्हते. उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात अशी टोकने मध्यस्थांच्या खणात पडून असलेली आम्ही अनेकदा पाहिली आहेत.

खरा धक्का पुढेच होता. त्याच निविदेत आणखी दोन ओताऱ्यांचे दर याच मध्यस्थाने, बहुधा याच संगणकावरून भरले होते. म्हणजे तिघांचेही बंद लिफाफे एका माणसासमोर उघडे होते. त्याने त्याचा गैरफायदा घेतला असे म्हणण्यास कोणताही आधार नाही, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. परंतु एकाच आयपी पत्त्यावरून आलेल्या स्पर्धक निविदांकडे खरेदीदार कार्यालय आणि लेखापरीक्षक संगनमताच्या दृष्टीने पाहू शकतात, आणि स्पर्धा अधिनियम, २००२ मध्ये निविदांतील संगनमत हा गंभीर विषय आहे. ज्याला शेजारच्या फौंड्रीचा दर किती हे स्वप्नातही माहीत नव्हते, त्याने अशा चौकशीत आपले निर्दोषत्व कशाच्या बळावर सिद्ध करायचे? हे सांगितल्यावर धाकट्या भावाने दुसऱ्याच दिवशी टोकन परत आणले. पिन आणि पासवर्ड बदलले, पत्रव्यवहाराचा ई-मेल आणि मोबाइल कारखान्याचा केला. भागीदारीच्या वतीने सही कोण करणार याचे अधिकारपत्र मुळात नव्हतेच. तेही तेव्हाच तयार झाले.

बाद होण्याचे कारण आम्ही पडद्यावर वाचले तेव्हा ते अगदी साधे निघाले. मध्यस्थाने उद्यम प्रमाणपत्राच्या, म्हणजे लघुउद्योग म्हणून झालेल्या नोंदणीच्या, आधारे अनामत रकमेतून सूट मागितली होती. निविदेच्या अटीनुसार ही सूट केवळ त्या वस्तूचे उत्पादन करणाऱ्या उद्योगालाच होती, आणि कारखान्याच्या उद्यम प्रमाणपत्रावर राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातील फक्त मशिनिंगचा संकेतांक होता. लोखंड-पोलादाच्या ओतकामाचा २४३१ हा गट त्यावर नव्हताच. ज्याच्या अंगणात भट्टी आहे, वाळूचे ढीग आहेत, साचे रचून ठेवलेले आहेत, तो कागदावर ओतारी नव्हता. नोंदणी करून देणाऱ्याने कधीतरी घाईत जो पर्याय समोर दिसला तो निवडला होता. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि तीत दुरुस्तीही घरबसल्या करता येते. ती त्याच आठवड्यात झाली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो जवळजवळ प्रत्येक पुरवठादाराच्या मनात असतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचे केंद्राचे खरेदी धोरण २०१२ मध्ये लागू झाले. त्यातील वार्षिक खरेदीचा वाटा पुढे २० वरून २५ टक्के झाला, अनामत रकमेतून सूट मिळाली, आणि सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांपर्यंत वर असणाऱ्या लघुउद्योगाला तो कमी दर स्वीकारून पुरवठ्याचा काही भाग घेण्याची संधी मिळाली. हे सर्व केंद्रीय मंत्रालये, विभाग आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांच्यावर बंधनकारक आहे. नगरपरिषदेच्या निविदेत त्या विशिष्ट निविदेची अट काय म्हणते तेच पाहावे लागते. 'उद्यम असले की अनामत माफ' हे वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरत राहते आणि लिफाफे बाद करत राहते.

कागदांची फाइल

पुढचा टप्पा कंटाळवाणा होता आणि त्याचाच उपयोग सर्वाधिक झाला. कारखान्याचा हिशेब धाकट्या भावाची सून टॅलीवर ठेवते. आतापर्यंत निविदेच्या कामाशी तिचा संबंध येऊ दिलेला नव्हता. उद्यमनगरची सोमवारची सुट्टी पाहून त्या दिवशी तिच्याबरोबर बसायचे ठरले, आणि दोन्ही भावांच्या तुलनेत ती हे काम फार लवकर उचलील हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट झाले. जीएसटी नोंदणी, पॅन, भागीदारीपत्र, तीन वर्षांची विवरणपत्रे, सनदी लेखापालाने यूडीआयएन या पडताळणी क्रमांकासह दिलेला उलाढालीचा दाखला, चाचणी अहवाल, अधिकारपत्र असे सारे कागद तिने कृष्णधवल आणि कमी आकारात स्कॅन करून, वैधतेच्या तारखांच्या नोंदीसह एका ठिकाणी लावले. पोर्टलवर असे कायमचे कागद साठवून ठेवण्याची सोय आहे; प्रत्येक निविदेला ते नव्याने चढविण्याची गरज नसते. डिजिटल स्वाक्षरीची मुदत कधी संपते हेही त्याच नोंदीत आले, कारण मुदत संपलेले टोकन निविदेच्या शेवटच्या दिवशी लक्षात येणे हा या धंद्यातला नेहमीचा अपघात आहे.

अडले ते अनुभवाच्या दाखल्यापाशी. कित्येक वर्षे पुरवठा करूनही 'समाधानकारक पुरवठा केला' असे लिहिलेला एकही कागद कारखान्याकडे नव्हता. बीजक द्यायचे, धनादेश घ्यायचा आणि विषय संपवायचा, ही रीत होती. बीजकांच्या कार्बन प्रती, पुरवठा आदेशांच्या झेरॉक्स आणि बँकेचे उतारे जुळवून आम्ही जुन्या खरेदीदार कार्यालयांकडे अर्ज केले. एका कार्यालयाने दाखला दिला. दुसरीकडे ती नस्तीच सापडली नाही, आणि ज्यांच्या काळात पुरवठा झाला ते कर्मचारी निवृत्त झालेले होते. ज्या पुरवठादाराने आजवर ओळखीवर काम केले, त्याचा अनुभव ओळखीबरोबरच निवृत्त होतो. त्यावर उपाय एकच सुचला आणि तो पुढील काळासाठीचा होता: प्रत्येक पुरवठ्यानंतर बिलाबरोबरच दाखल्याचा अर्जही द्यायचा.

दुसरी निविदा: १०८ की २०८

काही काळाने जिल्ह्यातील एका नगरपरिषदेची झाकणे आणि जाळ्यांची निविदा प्रसिद्ध झाली. दोन लिफाफ्यांची, बाबनिहाय दर मागणारी आणि बाबनिहाय सर्वांत कमी दर स्वीकारणारी अशी ती होती. या प्रकरणाचा गाभा तिच्या दरपत्रकातील एका ओळीत होता. तीत बिडाचे जड प्रकारचे, ५६० मिलिमीटर व्यासाचे मॅनहोल झाकण, आणि एकक 'नग' एवढेच लिहिलेले होते.

थोरल्या भावाने दर लगेच सांगितला, पण किलोचा. "नगाचं तुमचं तुम्ही बसवा," असे तो म्हणाला. ओताऱ्याचा सगळा हिशेब किलोत चालतो: कच्चे बीड आणि भंगार किलोत, वितळण किलोत, ग्राहकाशी बोलणे किलोत. नगाचा दर काढायचा तर नगाचे वजन निश्चित हवे, आणि ते या ओळीत नव्हते. बिडाच्या मॅनहोल झाकणांसाठीच्या आयएस १७२६ या भारतीय मानकात प्रकार चाचणी-भारावरून ठरतात: हलका २.५ टन, मध्यम १० टन, जड २० टन आणि अतिजड ३५ टन. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत ५६० मिलिमीटर व्यासाच्या जड झाकणाचे चौकटीसह एकूण वजन २०८ किलोपेक्षा कमी नसावे असे नमूद असते. त्यात झाकण १०८ किलो आणि चौकट १०० किलो. आता निविदेत 'झाकण' म्हटले आहे ते चौकटीसह की चौकटीशिवाय? उदाहरणादाखल किलोचा दर ८० रुपये धरला, तर नगाची किंमत एका अर्थाने ८,६४० आणि दुसऱ्या अर्थाने १६,६४० रुपये होते. पहिल्या अर्थाने दर भरून काम मिळाले आणि नगरपरिषदेने चौकट मागितली, तर प्रत्येक नगामागे आठ हजार रुपये खिशातून जाणार. दुसऱ्या अर्थाने भरला आणि इतरांनी पहिल्या अर्थाने भरला, तर काम मिळण्याची शक्यताच नाही.

जुन्या पद्धतीत असा प्रश्न उद्भवत नसे, कारण भांडारपाल आणि ओतारी दोघांनाही उत्तर ठाऊक असे. लेखी निविदेत मात्र लिहिलेले असेल तेवढेच खरे. भावांचा कल "दोन्हीच्या मधला काहीतरी दर टाकू" असा होता, आणि बहुतेक छोटे पुरवठादार तसेच करतात. आम्ही त्याला विरोध केला आणि खुलासा मागण्याच्या मुदतीत पोर्टलवरून लेखी प्रश्न विचारण्याचा आग्रह धरला. त्यावर दोघेही नाखूश होते. प्रश्न विचारला की साहेब डोक्यात ठेवतात, अशी त्यांची भीती होती. शेवटी प्रश्न विचारला गेला, तोही अत्यंत सभ्य आणि नेमका: झाकण चौकटीसह अपेक्षित आहे काय, किमान वजन किती, चाचणी-भार कोणता आणि चाचणीचा खर्च कोणी करायचा. काही दिवसांत नगरपरिषदेने शुद्धिपत्रक काढले. त्यानुसार झाकण चौकटीसह हवे होते, चाचणी-भार २० टनांचा होता, आणि प्रत्येक खेपेबरोबर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल पुरवठादाराने स्वखर्चाने द्यायचा होता. शुद्धिपत्रक सर्वच निविदाकारांना लागू झाल्याने सर्वांचे दर एकाच वस्तूचे आले. कार्यालयाच्या अभियंत्याने पुढे सांगितले की, जुन्या निविदेचा मजकूर तसाच उचलला गेला होता आणि कोणी विचारेपर्यंत ही उणीव त्यांच्याही ध्यानात आली नव्हती. डोक्यात वगैरे कोणी काही ठेवले नाही.

दर भरण्याच्या यांत्रिक बाजूवर फार लिहिण्याची गरज नाही. मात्र दोन गोष्टी नोंदवाव्यात. दरपत्रकाची एक्सेल फाइल पोर्टलवरून उतरवून, तिचे नाव किंवा रचना न बदलता फक्त ठरलेल्या चौकटींत आकडे भरून परत चढवायची असते. सुनेने पहिल्या सरावात फाइलला कारखान्याचे नाव दिले आणि पोर्टलने ती नाकारली. सरावातच झाले हे बरे. दुसरी गोष्ट अनामत रकमेची. एनईएफटीने भरणा करायचा तर पोर्टलवर तयार होणाऱ्या चलनावर त्या विशिष्ट भरण्यासाठीचा खाते क्रमांक येतो, रक्कम अचूक तेवढीच भरावी लागते आणि ती पोहोचल्याची नोंद होण्यास वेळ लागतो. परतावाही ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात जातो. पूर्वीच्या मध्यस्थाने काही पुरवठादारांची अनामत स्वतःच्या खात्यातून भरून ती व्याजासह वसूल केल्याचे ऐकिवात होते; परताव्याचे पुढे काय झाले हे त्या पुरवठादारांना सांगता आले नाही. या वेळी रक्कम कारखान्याच्या खात्यातून, मुदतीच्या पुरेशी आधी भरली गेली. निविदाही आदल्या दिवशीच चढवून 'फ्रीझ', म्हणजे अंतिम, केली, कारण फ्रीझ न केलेली निविदा सादर झाली असे धरले जात नाही, आणि पोर्टलचे घड्याळ कारखान्याच्या घड्याळाकडे पाहत नाही.

निकाल मिश्र होता. झाकणांच्या बाबीत कारखाना दुसऱ्या क्रमांकावर राहिला. जाळ्यांच्या दोन बाबी त्याला मिळाल्या. थोरला भाऊ प्रथम खट्टू झाला. मात्र दर उघडल्यावर सर्व निविदाकारांचे आकडे पोर्टलवर दिसतात आणि ते समोर ठेवून बसल्यावर त्याने स्वतःच कारण शोधले: झाकणांची चाचणी त्याने प्रत्येक खेपेसाठी स्वतंत्र धरली होती, आणि खेपा गरजेपेक्षा अधिक कल्पिल्या होत्या. दरपत्रकांच्या काळात दुसऱ्याचा दर कळणे म्हणजे कानोसा घेणे होते. येथे तो अधिकृतपणे समोर येतो आणि पुढच्या वेळचा दर बांधायला उपयोगी पडतो. ई-निविदेचा छोट्या पुरवठादाराला होणारा हा फायदा आमच्या मते पुरेसा सांगितला जात नाही.

पुरवठा झाला, बिल अडले

जाळ्या वेळेत ओतल्या गेल्या, आणि प्रकरण येथे संपले असते तर ते यशोगाथेच्या सदरात शोभले असते. बिल मात्र अडकले. पैशाचा हिशेब निविदेआधी करून ठेवला होता म्हणून कारखाना तरला. तो हिशेब असा होता. दहा लाखांच्या पुरवठ्याचे पैसे सहा महिने उशिरा आले आणि बँकेच्या कॅश क्रेडिटवर १२ टक्के व्याज धरले, तर साठ हजार रुपये, म्हणजे किमतीच्या सहा टक्के, केवळ थांबण्यात जातात. बिडाच्या कास्टिंगवरचा १८ टक्के जीएसटी बीजक दिल्यानंतर पुढच्याच महिन्यात भरावा लागतो. नगरपरिषदेने पैसे दिले की नाही याच्याशी त्या तारखेचा संबंध नाही. शिवाय अडीच लाखांवरील करारात स्थानिक संस्था बिलातून दोन टक्के जीएसटी टीडीएस कापते. ही तरतूद १ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आहे. कापलेली रक्कम बुडत नाही, पण पुरवठादाराने जीएसटी पोर्टलवर ती स्वीकारल्याशिवाय त्याच्या रोख खातेवहीत जमाही होत नाही. कारखान्याची जुन्या पुरवठ्यांतील अशी एक रक्कम स्वीकारायची राहूनच गेली होती. सुनेने ती शोधून काढली.

बिल का अडले याची चौकशी करता कारण निधीचे निघाले नाही. जाळ्या भांडारात न उतरवता अभियंत्याच्या सांगण्यावरून वेगवेगळ्या प्रभागांत थेट कामाच्या जागी उतरविल्या होत्या. भांडाराच्या साठा नोंदवहीत आवकच नव्हती, त्यामुळे लेखापालाने बिल परत केले. लेखापालाचे चुकले असे म्हणता येणार नाही. कारखान्याच्या ट्रकचालकाकडे प्रत्येक प्रभागातील मुकादमाची सही असलेल्या डिलिव्हरी चलनांच्या प्रती होत्या. त्यांवरून अभियंत्याने मोजमापासह स्वीकृतीचा एकत्रित दाखला दिला, नोंदवहीत आवक दाखविली गेली आणि बिल पुन्हा चालू लागले. पैसे त्यानंतरही लगेच आले नाहीत, पण आले.

या काळात कायद्याचा आधार घ्यावा का, यावर बराच खल झाला. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास अधिनियम, २००६ नुसार खरेदीदाराने माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. पंधरा दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास माल स्वीकारला असे धरले जाते. थकीत रकमांचे वाद सोडविणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. हे हत्यार धारदार आहे. मात्र प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीने, देय रक्कम मुदतीत न दिल्यास खर्चाची वजावट पुढे ढकलली जाण्याचा जो धाक खासगी कंपन्यांना बसला, तो नगरपरिषदेला बसत नाही, कारण तिच्या उत्पन्नावर सहसा प्राप्तिकरच नसतो. थोरल्या भावाने तक्रारीस ठाम नकार दिला. पाण्यात राहून माशाशी वैर नको, हे त्याचे म्हणणे. आमच्यापैकी काहींना ते भित्रेपणाचे वाटले. प्रस्तुत लेखकाला ते व्यवहाराचे वाटले, कारण अडचणीचे कारण नोंदवहीतील आवक हे होते आणि ते एका दाखल्याने दूर होण्यासारखे होते. सुविधा परिषदेच्या तारखांना त्याहून अधिक काळ गेला असता. तरीही ४५ दिवसांची मुदत आणि व्याजाची तरतूद यांचा सभ्य उल्लेख असलेले पत्र मुख्याधिकाऱ्यांना पोच घेऊन देण्यास त्याला राजी केले. त्या पत्राचा परिणाम किती आणि दाखल्याचा किती, हे वेगळे काढणे शक्य नाही.

कक्षाच्या कामात झालेले बदल

या प्रकरणानंतर कक्षाने स्वतः निविदा भरून देणे थांबविले. संघटनेच्या काही सदस्यांना हे आवडले नाही, कारण पैसे देऊन निश्चिंत होण्याची सोय गेली. परंतु भरून देणारा बदलला तरी टोकन दुसऱ्याच्या खणातच राहते, आणि मग मध्यस्थ आणि कक्ष यांत फरक एवढाच उरतो की कक्षाची फी कमी आहे. आता पुरवठादाराने स्वतःच्या कारखान्यातील एक व्यक्ती पाठवायची, त्या व्यक्तीने स्वतःच्या लॅपटॉपवर भरायचे आणि आम्ही शेजारी बसायचे, असा नियम आहे. एकाच निविदेत दोन सदस्य स्पर्धक असतील तर दर भरण्याच्या टप्प्यावर दोघांपैकी कोणाच्याही शेजारी आम्ही बसत नाही. येणाऱ्यांत मुलगी, सून किंवा बिले पाहणारा पुतण्या अशांची संख्या वाढते आहे, आणि मालकाला दर त्यांच्यासमोर उघड करणे अजून जड जाते. या कारखान्यातही थोरला भाऊ अंतिम आकडा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून देतो आणि तो का तसा ठरला हे सांगत नाही. दर बांधण्याचे काम त्यामुळे अजून एकाच डोक्यात आहे.

जे आम्हाला करता आले नाही तेही नोंदवितो. झाकणांच्या निविदेत मागील तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीची अट होती. हा कारखाना तीत कसाबसा बसला. शेजारचे दोन बसले नाहीत, आणि त्यांचे ओतकाम याच्याहून कमी दर्जाचे आहे असे उद्यमनगरात कोणी म्हणणार नाही. एकत्र येऊन निविदा भरण्यास त्या निविदेत परवानगी नव्हती. पुरवठ्याच्या आकाराच्या मानाने उलाढालीची अट किती असावी याविषयी संघटनेने नगरपरिषदेला लेखी निवेदन दिले असून, प्रत्येक निविदेत चाचणीच्या खर्चाचा आणि माल उतरविण्याच्या ठिकाणाचा स्पष्ट उल्लेख असावा अशीही विनंती त्यात आहे. पुढच्या वर्षीच्या निविदेत झाकणाच्या ओळीत 'चौकटीसह' हा शब्द, किमान वजन आणि चाचणी-भार छापून आले. माल कोठे उतरवायचा आणि त्याची आवक कोणी नोंदवायची हेही आले. उलाढालीची अट पूर्वीचीच होती. कारखान्याची सुरक्षा अनामत दोषदायित्वाच्या (मालातील दोषांची जबाबदारी पुरवठादारावर राहते त्या) मुदतीमुळे अद्याप नगरपरिषदेकडे आहे आणि तिच्या परताव्याच्या अर्जाची तारीख सुनेच्या नोंदीत लागलेली आहे.